शेल्याची गाठ

इनामजानबद्दल चांगलं बोलणारे आमच्या शहरीखान गावात पोत्यानं सापडतील, तेव्हा ते काम मी करणार नाही. मी त्याला बत्तीस वर्षं ओळखतो आणि त्यातली एकतीस वर्षं त्याच्यावर जळतो आहे. सुरुवातीचं एक वर्ष तो इतका किरकोळ होता, की जळण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं.

दिसायला विशेष नाही. बुटका, पोट सुटलेला, हसला की डोळे गायब. उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी तेवढी उरलीत, त्यामुळं सगळं डाव्या हातानं करतो. पण बाजारातून निघाला की निम्मा बाजार छातीवर हात ठेवून उभा राहतो. खरबूजवाला त्याच्यासाठी गोड फळ बाजूला काढून ठेवतो. लग्न असो, बारसं असो, दारापासून लांबची मानाची जागा त्याचीच. मीही सुऱ्या करतो. माझी सुरी ताश्कंदपर्यंत जाते. पण मला खरबूज स्वतः ठोकून बघून घ्यावं लागतं, आणि जेवणावळीत मी दाराजवळ, जिथं सगळ्यांचे जोडे असतात.

तुम्ही म्हणाल, बोटं त्याची गेली आणि हेवा तुम्हाला? हो, मला. हैदरअली माझं नाव, लपवत नाही.

आम्ही दोघं हमरोकुल उस्तांचे शागीर्द. मी चौदाव्या वर्षी त्यांच्याकडं लागलो, इनाम वर्षभरानं आला, तोही तेव्हा चौदाचा. त्याला बाप नव्हता, आई बाजारात समोसे विकायची. मी तोवर वर्षभर भाता ओढला होता, राख उपसली होती, उस्तांच्या म्हाताऱ्या गाढवाला पाणी पाजलं होतं. इनामनं पहिलं वर्ष गुमान राख उपसली, आणि मग एक दिवस काय करावं? उस्तांनी पातं भट्टीतून काढलं, रंग बघत थांबले, आणि मागून हा म्हणाला, "आता." उस्तांनी मागं वळून बघितलं, पातं पाण्यात बुडवलं, आणि ते अगदी हवं तसं निघालं.

"तुला कसं कळलं रे?"

"दिसलं, उस्ता."

दिसलं म्हणे! मला दोन वर्षं नुसता लाल रंग दिसत होता. त्या दिवसापासून पोलादाला पाणी द्यायच्या वेळी उस्ता इनामला हाक मारायचे आणि मला म्हणायचे, "हैदर, जरा उजेडातून बाजूला हो." हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं.

आमच्यात शागीर्द तयार झाला की उस्ता चार वडीलधाऱ्यांना बोलावतात, पुलाव शिजतो, आणि उस्ता स्वतःच्या हातानं त्याच्या कमरेला शेला बांधतात. वडीलधारे हात पसरून दुवा देतात. त्या दिवसापासून पात्यावर स्वतःचा शिक्का मारता येतो. तोवर तुम्ही केलेली प्रत्येक सुरी उस्तांची. शेला मिळाला नाही तर माणूस पन्नाशीला पोचला तरी पोरगाच. त्या शेल्यासाठी मी काय वाट्टेल ते सोसलं असतं, आणि उस्तांच्या घरी तसं सोसलंही.

आता चाकाचं सांगतो. आधी आमचं धार लावायचं चाक हातानं फिरायचं. एक पोरगा वादी मागं-पुढं ओढायचा, दुसरा पातं धरायचा. बाही अडकली, केस अडकले, तर ओढणारा वादी सोडायचा, चाक गप्प. मग त्या वसंतात, मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा, उस्तांनी बंद पडलेल्या सरकी कारखान्यातून एक मोटार आणली आणि चाकाला जोडली. वायर पुरेना, म्हणून बटण दाराशी बसवलं. चाक पार इकडच्या कोपऱ्यात, बटण तिकडं. उस्तांना जे ठाऊक होतं ते सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं. बाह्या वर करा, टोपी घाला, पातं दोन्ही हातांनी धरा. जे त्यांनाच ठाऊक नव्हतं ते ते काय सांगणार?

मला मात्र कळलं होतं. उन्हाळ्यात एकदा माझ्या एप्रनची नाडी चाकाच्या दांड्यात अडकली. मी पुढं ओढला गेलो, पोट चाकापासून वीतभर राहिलं, आणि नाडी तुटली. जुनी, कुजकी नाडी होती म्हणून. तळहाताची साल निघाली. कुणी बघितलं नव्हतं. मी हाताला चिंधी बांधली आणि भट्टीवर भाजलं म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर उस्ता म्हणाले असते, धांदरट आहे, याचा शेला पुढच्या वर्षी बघू. तेव्हा मोटारीचं चाक लोंबती वस्तू ओढून घेतं आणि सोडत नाही, हे त्या कारखान्यात एकट्या मला ठाऊक होतं.

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत उस्तांनी शेला बांधला. इनामला. मी आधी आलेला, मी वयानं मोठा, आणि वडीलधाऱ्यांच्या हातावर पाणी घालायला तस्त धरून उभा कोण? मीच. शेला गर्द लाल होता, कडेला काळ्या रेशमाची वेलबुट्टी, आणि गाठीखाली दोन्ही टोकं वीत-वीत लोंबत होती. त्या दिवशीचा पुलाव मी तसाच ठेवला. तेवढ्यात इनाम, थोरला भाऊ म्हणून मला 'अका' म्हणायचा, माझ्याजवळ येऊन म्हणतो, "हैदर अका, पुढचा तुझाच हं!" मी म्हटलं, "तुझ्या तोंडात साखर." मनात काय होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उस्तांनी बांधलेली गाठ कामाच्या जागी सोडायची म्हणजे उस्तांचा मान परत केल्यासारखं. कुणाच्या स्वप्नातही ते आलं नसतं, खुद्द उस्तांच्याही नाही. इनाम तर शेला बांधूनच झोपतो, असं त्याची आई कौतुकानं सांगत फिरत होती.

चौथ्या दिवशी सकाळी तो चाकाशी बसला. मी दाराशी मुठींना पॉलिश पेपर मारत होतो. मोटार चालू होती. तो पुढं वाकला, आणि शेल्याची दोन्ही टोकं दांड्याच्या अगदी जवळ हलायला लागली. मी बघितलं. मला माझी नाडी आठवली, लख्ख आठवली. "टोकं खोच." एवढंच म्हणायचं होतं. मी नाही म्हटलं. मला वाटलं, अडकू दे. फाटू दे तो शेला. चिंध्या हातात घेऊन उस्तांपुढं रडत जाऊ दे. देवाशपथ, मला फक्त शेला फाटायला हवा होता. पण शेला नवा होता, रेशमाचा होता. तो काही कुजक्या नाडीसारखा तुटला नाही.

इनाम ओढला गेला आणि त्यानं सोडवायला उजवा हात घातला. पुढचं सांगत नाही. मी बटण बंद केलं. बटण माझ्या खांद्याशीच होतं.

आणि मग सुरू झालं ते कौतुक! "हैदरनं वाचवलं." "पोरगं शहाणं, लगेच बटण बंद केलं, नाहीतर पोटच गेलं असतं." इनामची आई आमच्या घरी आली, माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि पुढं वर्षभर दर शुक्रवारी दहा समोसे पाठवत राहिली. एकही परत पाठवला नाही मी. सगळे खाल्ले.

उस्तांनी मोटार उखडली आणि स्वतः नेऊन कालव्यात टाकली. त्यानंतर त्यांनी कुणालाही शेला बांधला नाही. दोन वर्षांनी ते गेले. म्हणजे माझा शेला गेला तो गेलाच. मी स्वतःचा शिक्का स्वतःच पाडून घेतला, म्हाताऱ्यांनी नजर दुसरीकडं वळवली, आणि आता लोक मला उस्ता म्हणतात ते सवयीनं. इनामच्या बोटांबरोबर माझंही काही गेलं, पण त्याबद्दल कुणी मला समोसे पाठवले नाहीत.

मला वाटलं होतं, हा आता आईच्या समोशांच्या गाडीवर बसणार. सहा वर्षं डाव्या हातानं लोखंड बडवत राहिला आणि सातव्या वर्षी कारखाना काढला. आणि कारखाना कसला, नुसती नाटकं! दाराशी खिळ्यांची रांग. आत येणाऱ्यानं शेला, मफलर, ताईत, जे काही लोंबत असेल ते खिळ्याला टांगायचं, मग तो वडीलधारा का असेना. बटण दाराशी नाही, पायाखाली. पाय दाबून धरलात तर चाक फिरतं, उचललात की थांबतं. चाकावर लोखंडी झाकण. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय पोराला चाकाजवळ उभंच करत नाही, आणि पहिलं वर्षभर मोठ्या चाकाला हात लावू देत नाही. रमजानात दुपारनंतर चाक बंद, का तर उपाशी पोरांना भोवळ येते. गिऱ्हाईक ताटकळतं, ताटकळू दे! संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक पोरानं दाराशी दोन्ही हात वर करायचे आणि म्हणायचं, "दहा." सगळे झाले की शेवटी हा आपले हात वर करतो आणि म्हणतो, "सात." मग दार लावतो. गाव सुरुवातीला हसलं. बाजारात त्याला बघून लोक हात वर करून "दहा!" ओरडायचे. मीही ओरडलोय, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

सगळ्यांत मोठं नाटक म्हणजे 'नाही'. त्याच्याकडं शेला मिळण्याआधी शागीर्दानं उस्तांना एकदा तरी 'नाही' म्हणायचं असतं. इनाम कधीतरी, न सांगता, मुद्दाम काहीतरी चुकीचं करायला लावतो. तडा गेलेलं चाक लाव, झाकण काढून बस, असं काही. पोरानं तोंडावर म्हणायचं, "नाही उस्ता, हे मी करणार नाही." म्हटलं तर तयार, गप्प राहून कामाला लागला तर आणखी सहा महिने राख उपसायची. आमच्यात उस्तांपुढं मान वर करत नाहीत, आणि हा पोरांना उलट बोलायला शिकवतो! मशिदीबाहेर मी त्याच्याविरुद्ध चांगलं तासभर बोललो होतो. पुढच्या महिन्यात त्याच्याकडं आणखी चार शागीर्द आले.

पाचवा माझाच मुलगा होता.

बुन्योद चौदा वर्षांचा असताना माझ्या चाकावर बसला होता. ठिणगी डोळ्यात गेली. मी म्हटलं, "रडतोस काय मुलीसारखा? पाण्यानं धू आणि बस." त्यानं डोळा धुतला आणि बसला. माझ्यापुढं तो 'नाही' कसला म्हणतोय! दुसऱ्या दिवशी डोळा टोमॅटोएवढा झाला. डॉक्टरनं बुबुळातून लोखंडाचा कण काढला आणि म्हणाला, अजून केसभर आत असता तर डोळा गेला असता. माझी बायको सलोमत दवाखान्यात आमच्याबरोबर होती. घरी आल्यावर तिनं पोराचे कपडे बांधले.

"कुठं निघालीस?"

"इनामजान अकांकडं. तिथं चष्मा देतात."

"लोक काय म्हणतील? हैदरचा मुलगा इनामकडं?"

"म्हणू देत. दोन्ही डोळ्यांनी बघेल तो त्यांच्याकडं."

दोन वर्षं माझा मुलगा संध्याकाळी घरी यायचा आणि जेवताना "उस्ता असं म्हणाले, उस्ता तसं म्हणाले" चालायचं. उस्ता म्हणजे मी नव्हे. एकदा म्हणाला, "दादा, उस्ता म्हणाले, मला पात्याचा रंग दिसतो." मी ताटावरून उठलो.

मागच्या शरदात इनाम स्वतः माझ्या दारात आला.

"हैदर अका, शुक्रवारी ये. पोराला शेला बांधतोय."

"दोन वर्षांत?"

"मलाही दोनच लागली होती." हसला, डोळे गायब.

"आणि तुझं ते 'नाही'? ते म्हणून झालं का त्याचं?"

"अजून राहिलंय. बघू."

"आधी शेला आणि मग 'नाही'? तुझंच नाटक तूच विसरलास की काय?"

"तू कशाला काळजी करतोस? तू पुलाव खायला ये. आणि हे बघ, बाप आहेस, दाराजवळ बसू नकोस."

शुक्रवारी दुपारी मी त्याच्या कारखान्यात गेलो आणि हट्टानं दाराजवळच बसलो. सात-आठ म्हातारे होते, जमिनीवर जेवणाचं दस्तरखान भरलं होतं. बुन्योद मधे उभा. सोळा वर्षांचा, खांदे रुंद झालेले, गालांवर लाली. इनामनं सात बोटांनी शेला बांधला. वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही. गर्द लाल शेला होता. म्हाताऱ्यांनी हात पसरून दुवा दिली, तोंडावरून हात फिरवले. आणि मी काय करत होतो? पोटच्या पोरावर जळत होतो. खोटं कशाला बोलू? ती गाठ त्याच्या कमरेवर बघून माझ्या पोटात जे पेटलं, ते त्या जुन्या दिवसासारखंच होतं.

"जा," इनाम म्हणाला, "चाकाशी बस. पहिली धार लाव, मग तुझा शिक्का मार."

बुन्योदनं चष्मा लावला, बाकावर बसला, पातं उचललं आणि पुढं वाकला. शेल्याची दोन्ही टोकं गाठीखाली लोंबत होती, वीत-वीत. चाकाचं झाकण वर केलेलं होतं. त्याचा पाय बटणाकडं सरकला. मला नाटक आठवलं नाही, 'नाही' आठवलं नाही, काहीच आठवलं नाही. मला ती टोकं तेवढी दिसत होती.

"टोकं!" मी ओरडलो. "बुन्योद, टोकं खोच! सोड ती गाठ, सोड!"

मी उठलो तसा माझा चहाचा वाडगा शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर उपडा झाला. तो किंचाळला. मी त्याला ओलांडून, पुलावाच्या ताटात पाय देऊन चाकापाशी पोचलो आणि पोराला बखोटीला धरून मागं ओढलं.

बुन्योदनं चष्मा काढला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दादा! मी म्हणणारच होतो! माझं 'नाही' होतं ते!"

इनामनं मांडीखालून वायरीचं टोक काढून सगळ्यांना दाखवलं. मोटारीची वायर त्यानं आधीच काढून ठेवली होती. चाक फिरणारच नव्हतं.

"घ्या!" मांडी भाजलेला म्हातारा म्हणाला. "परीक्षा पोराची आणि पास झाला बाप!" सगळे पोट धरून हसायला लागले. माझ्या मोज्यांना गाजराचे तुकडे चिकटले होते.

इनाम जवळ आला. फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तीस वर्षं लावलीस, अका."

"तुला ठाऊक होतं?"

"तू गाठीकडं बघत होतास. रोज बघायचास."

"मला कळत होतं इनाम, अडकणार ते. मी बोललो नाही."

"हं." त्यानं माझ्या बाहीवरचा तांदूळ झटकला. "आई घरून निघताना टोकं आत खोचून द्यायची. कारखान्याच्या दाराशी आलो की मीच बाहेर काढायचो. तुला दिसावीत म्हणून. तू जळायचास ना, मला फार बरं वाटायचं."

तीस वर्षं ते पाप माझं एकट्याचं म्हणून मी सांभाळलं होतं, बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि त्यातलाही अर्धा वाटा याचाच निघाला.

मग त्यानं बुन्योदच्या कमरेची गाठ सोडली आणि शेला माझ्या कमरेला बांधायला लागला. मी हात धरला त्याचा. "अरे, काय करतोस? पोराचा आहे तो!"

"गप्प उभा राहा. हमरोकुल उस्तांकडून राहिला होता."

म्हाताऱ्यांचं हसू थांबलं. एकानं हात पसरले, मग सगळ्यांनी पसरले. मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पायांना पुलाव लागलेला, त्यांच्या मधे उभा होतो आणि रडत होतो.

"आणि मी?" बुन्योद म्हणाला.

"तुझं पुन्हा," इनाम म्हणाला. "कधी, ते सांगणार नाही."

बुन्योद माझ्या कमरेकडं बघत राहिला, गाठीकडं आणि गाठीखालच्या टोकांकडं. ती नजर मला ओळखीची होती. इतकी वर्षं मी ती आतून बघितली होती, समोरून कधी बघितली नव्हती. मी टोकं आत खोचली, मग शेलाच सोडला आणि दाराशी जाऊन खिळ्याला टांगला. पोराला सांगितलं, सोमवारी घरी येऊन माझ्या चाकाला झाकण बसवून दे. तो फुरंगटून "बरं" म्हणाला.

निघताना दाराशी शागीर्दांची रांग लागली. एकेकानं हात वर केले. दहा, दहा, दहा. बुन्योदनंही केले, माझ्याकडं न बघता. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी कधी त्या रांगेत उभा राहिलो नव्हतो. मी हात वर केले. सगळी बोटं होती, धडधाकट, आणि ती कुठं लपवावीत ते मला कळेना.

"दहा," मी म्हणालो.

"सात," इनाम म्हणाला, आणि दार लावायला वळला.